सव्वा व्होल्टातली गोदावरी

लिंबाजी सोनकांबळे यांचा जन्म तेवढा रुळांवर झाला नाही. बाकी सगळं आयुष्य तिथंच गेलं. भोकरच्या बाजूला ते रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा, बगलेत झेंड्या, आणि रुळाला पकडून ठेवणारी लोखंडी चावी एकेक करून ठोकत, बघत चालायचं. उन्हाळ्यात लोखंड तापून फुगतं, रूळ वाकतो, म्हणून सगळी दुनिया सावलीला असताना यांची गस्त. नोकरीचं सगळं शहाणपण एका ओळीत मावायचं: शंका आली की आधी लाल झेंडी, मग चौकशी. ही ओळ अंगात इतकी मुरली होती की चुलीवर दूध उतू जायला लागलं तरी हे आधी हात वर करायचे. त्यावरून बायकोची, नागुबाईंची, बोलणी खायचे आणि गालातल्या गालात हसायचे.

रिटायर होऊन नांदेडला आले तर घरातच दुसरं इंजिन भेटलं. धाकट्या लुंबिनीनं सुटे भाग आणून स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडला होता. त्यावर ती पाणी तयार करायची. रंगवलेलं पाणी नव्हे. थेंबन् थेंब गणितानं ढकललेला, घाटाच्या पायरीवर आपटलेला, फेसाळून मागं फिरलेला. गोदावरीच्या पुराची तिची छोटीशी फिल्म सोमवारी संध्याकाळपर्यंत हैदराबादच्या एका स्टुडिओला पोचायला हवी होती. पसंत पडली तर तिथं नोकरी. नाही तर पुन्हा लग्नाचे व्हिडिओ आणि नवरदेवाच्या पाठीमागं लावायचे बर्फाचे डोंगर. त्या डोंगरांचा तिला इतका वीट आला होता की फ्रिजमधला बर्फ बघूनही ती तोंड फिरवायची.

फिल्मचं एकेक चित्र तयार करायला मशीनला बराच अवधी लागायचा आणि हातात वेळ थोडा, म्हणून तिनं प्रोसेसरला, म्हणजे सगळं गणित करणाऱ्या त्या चिपला, कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या वर पळायला लावलं होतं. चिप अडखळली की व्होल्टेज जरा वाढवायचा; पळाली की पुढं. पुन्हा अडखळली की पुन्हा वाढवायचा. बाहेर मे महिना रणरणत होता. नदीत पाणी नावापुरतं, आणि स्क्रीनवर महापूर.

रविवारी दुपारी मात्र तिचे डोळे मिटायला लागले.

"पप्पा, हा तापाचा आकडा बघत बसा. पंचाण्णवला गेला की मला उठवा. मी जरा पडते."

लिंबाजी बसले ते ताठ बसले. इतक्या दिवसांनी ड्यूटी लागली होती! आकडा चौऱ्याऐंशीवर डुलत होता. तेवढ्यात लाइट गेली. खिडकीतला कूलर घरघरून थांबला, कॉम्प्युटर तेवढा इन्व्हर्टरवर चालत राहिला. खोली भट्टी झाली. अठ्ठ्याऐंशी. ब्याण्णव. पंचाण्णव. उठवायचं होतं पोरीला. पण अंगात मुरलेली ती ओळ आधी उठली आणि लिंबाजींचा हात बटण दाबून मोकळा झाला.

पंख्यांचा आवाज विरला तेव्हा त्यांना कळलं आपण काय केलं.

"लुंबे, ऊठ माय. तुझी गाडी मी बंद केलो गं."

लुंबिनी धडपडत उठली, मशीन पुन्हा चालू केलं, आणि फोल्डर उघडून बघितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. "झालेली चित्रं हायेत पप्पा. चालू होतं तेवढं एकच गेलं."

"जळलं असतं न्हाई का?"

"न्हाई जळत. लई तापली की ही चिप आपली आपणच हळू होते. तरी न्हाई निभलं तर बंद पडते. आतच सोय हाय तशी."

"म्हंजी चावीवाला आतच बसवलाय?"

"हाव."

लिंबाजी त्या काळ्या डब्याकडं बघत राहिले. आतली नखाएवढी ती चिप, तिच्यात अब्जावधी बटणं, आणि तिला स्वतःचा ताप कळतो! माणसाला कळत नाही, बायकोनं कपाळाला हात लावून सांगावं लागतं. पण मग एक गोष्ट त्यांना खटकली.

"मंग मला कामून बसवलीस?"

लुंबिनीनं स्क्रीनवरच्या दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. "तापाचं तिला कळतंय. व्होल्टेजचं न्हाई कळत. आपण देऊ तेवढं मुकाट घेते, पळते, अन् आतल्या आत झिजते. आधी जेवढ्यावर चालायची तेवढ्यावर आता अडखळून राहिली. तापात तर जास्तीच झिजते, म्हणून तुमाला बसवलं. मला भ्या वाटायलंय."

"किती देऊन राहिलीस?"

"दीड व्होल्टच्या जवळ."

त्यांना वाटलं पोरगी थट्टा करतेय. गस्तीच्या बॅटरीत ते घालायचे तो एक सेल दीड व्होल्टचा. त्या एका सेलाच्या ताकदीवर गोदावरीला पूर येतो?

"अन् सोसतं किती हिला?"

"ह्या चिपला सव्वाच्या आसपास. मंग वर्षानुवर्षं चालंल. पण वेग कमी करावा लागंल. सोमवार हुकला तर?" ती वडिलांकडं वळली. "रूळ तापल्यावर तुमी काय करायचे?"

"गाडी हळू सोडायचो. ड्रायव्हर शिव्या द्यायचा. पण पोचायची गाडी."

तिनं वेग उतरवला, व्होल्टेज सव्वावर आणला. आणि नवल असं की वेग घटला थोडाच, ताप मात्र सपाट्यानं उतरला. कूलर बंद असूनही आकडा सत्तरीत स्थिरावला. लिंबाजींनी डब्याच्या अंगावर हात ठेवून बघितला आणि कुणी आजारी माणूस बरा झाल्यासारखं समाधानानं "हां" म्हणाले.

सोमवारी दिवस कलता कलता शेवटचं चित्र झालं. पण लुंबिनीचं बोट पाठवायच्या बटणाकडं जाईना. हे पाणी तिनं इतक्या वेळा बघितलं होतं की ते पाणी वाटतं की नाही, हेच तिला कळेनासं झालं होतं. तिनं वडिलांना खुर्चीत बसवलं आणि फिल्म लावली.

गढूळ पाणी घाटाची एकेक पायरी गिळत वर आलं. वाहत आलेलं एक झाड पुलाच्या खांबाला अडकलं, त्याच्यामागं पाणी तुंबलं, फुगलं आणि फुटून सरळ अंगावर आलं. लिंबाजींनी दोन्ही पाय झटकन खुर्चीवर ओढून घेतले.

लुंबिनी स्क्रीनकडं बघतच नव्हती. वडिलांचे पाय बघितले आणि तिनं फिल्म पाठवून दिली.