सुहासिनीबाईंची मराठी केमिस्ट्री

अंबरनाथच्या पश्चिमेला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, सुहासिनी प्रधान आपल्या आईबरोबर राहत. वडील कारखान्यात अधिकारी होते. ते गेले आणि घरात दोघीच उरल्या. सुहासिनीबाई मुंबईच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. पस्तिशी उलटली तरी लग्न केलं नव्हतं, आणि का नाही हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

१९५२ साली त्यांच्या वर्गात अंजनी आली. वांगणीच्या महारवाड्यातली, घराण्यातली पहिली मॅट्रिक. शेवटच्या बाकावर ती एकटीच बसे, कारण तिच्या शेजारी कुणी बसत नसे. सहामाहीत नापास झाली आणि दिवाळीनंतर कॉलेजात फिरकलीच नाही.

"जाऊ द्या हो," विभागप्रमुख म्हणाले. "या मुलींना सायन्स झेपत नाही. होईल कुठेतरी मास्तरीण. त्यात वाईट काय?"

वाईट काहीच नव्हतं. पण बाईंनी तिचा पेपर तपासला होता. गणितं एकूण एक बरोबर होती. इंग्रजीत चार ओळी लिहायची वेळ आली तिथे मात्र पान कोरं होतं. बाईंना काही केल्या चैन पडेना. रविवार उजाडला तशा त्या कर्जतच्या गाडीत बसल्या आणि वांगणीला उतरून बांधाबांधानं चालत अंजनीच्या घरी पोचल्या.

खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. बाईंना पाहताच अंजनी पेंढ्यांमागे लपली. तिचा बाप नाथा लगबगीनं घोंगडी अंथरू लागला.

"बाय, पोर रोज रडत येयाची," तो म्हणाला. "तिला तिथला कायच समजत नाय. काय करू?"

"तिला समजत नाही हे खोटं आहे, नाथाभाऊ," घोंगडीवर बसत बाई म्हणाल्या. "आम्हाला समजावता येत नाही, हे खरं. तिला परत कॉलेजात धाडा, आणि दर रविवारी माझ्या घरी पाठवा. आधी मराठीत शिकवीन, मग इंग्रजीत. तरीही नाही जमलं, तर तुमच्या या खळ्यावर येऊन माफी मागेन."

नाथानं पोरीकडे पाहिलं. पेंढ्यांमागून अंजनीचा चेहरा वर आला होता.

पहिल्या रविवारी बाईंच्या आईनं, माईंनी, लेकीसाठी कपात चहा आणला आणि अंजनीसाठी बाहेरच्या ओट्यावर वेगळ्या ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यातून. बाईंनी कप अंजनीच्या हातात दिला, डबा स्वतः तोंडाला लावला आणि शिकवायला सुरुवात केली. माई बराच वेळ दारात उभ्या होत्या. पुढच्या रविवारी दोन सारखे कप आले.

बाईंची केमिस्ट्री स्वयंपाकघरातून सुरू व्हायची. कोकमाच्या आगळात खायचा सोडा टाकायचा, ते फसफसलं की विचारायचं, "आता चव बघ. आंबटपणा गेला कुठे?" उत्तर मराठीत आलं की तेच इंग्रजीत मोठ्यानं म्हणून घ्यायचं, जीभ सैल होईस्तोवर. अंजनीमागोमाग उल्हासनगरच्या कॅम्पातून लाजवंती आली. फाळणीत कराची सुटली तशी तिची शाळाही सुटली होती. तिला मराठी येईना, तेव्हा अंजनी मोडक्यातोडक्या हिंदीत समजावू लागली. मग बदलापूरकडची ठाकर आदिवासींची मुलं आली. शेजारी कुजबुजायचे, "प्रधानांच्या ओट्यावर बाजार भरतो." माई उलट टपालीच सांगायच्या, "भरतो ना! या की, तुम्हीही बसा."

बातमी कॉलेजात पोचली. विभागप्रमुखांनी बाईंना बोलावून घेतलं.

"हे कॉलेज आहे, धर्मशाळा नाही! मराठीत केमिस्ट्री? उद्या कीर्तन कराल!"

"कीर्तनात समजणार असेल तर तेही करीन, सर."

आणि त्यांनी तो प्रकार थेट कॉलेजातच सुरू केला. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळा उघडी ठेवायची; ज्याला अडलं असेल त्यानं यावं, हव्या त्या भाषेत विचारावं. आठवडाभर अंजनी आणि बाहेरून मॅट्रिक होऊन कॉलेजात आलेली लाजवंती दोघीच होत्या. मग शेवटच्या बाकावरचे आले, मागून पुढच्या बाकांवरचेही आले. एक दिवस विभागप्रमुख तरातरा आत शिरले, तर टेबलाशी त्यांचा सख्खा पुतण्या अंजनीकडून गणित समजावून घेत होता. ते आल्या पावली परतले. इंटरचे निकाल एरवीपेक्षा चांगले लागल्यावर मात्र प्रिन्सिपॉलनी स्वतःच तो तास वेळापत्रकात घातला.

अंजनी १९५६ साली बी.एस्सी. झाली, तीही फर्स्ट क्लासमध्ये. त्याच कॉलेजात, त्याच प्रयोगशाळेत ती डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू झाली. पहिल्या दिवशी वर्गातली सगळी पोरं तिला पाहून उठून उभी राहिली, तेव्हा बाई परीक्षानळ्या पुसण्याचं निमित्त करून भिंतीकडे वळल्या.

पुढल्या महिन्यात लाजवंतीच्या साखरपुड्याचं निमंत्रण आलं. बाई आणि माई नटूनथटून उल्हासनगरला गेल्या. बराकींच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडव होता, पण नवरदेवाचा पत्ता नव्हता. लाजवंती साध्याच साडीत हसत उभी. समोर वांगणीची माणसं, बदलापूरचे ठाकर, कॅम्पातली कुटुंबं दाटीवाटीनं बसलेली. त्यात कॉलेजचे प्रिन्सिपॉल आणि त्यांच्या बाजूला चक्क विभागप्रमुख.

"अगं, साखरपुडा कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"कोणाचा पण नाही, बाई! आज तुमचा सत्कार आहे. खरं सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात?"

ढोल वाजू लागला. नाथानं नवं धोतर नेसलं होतं. त्यानं शाल उलगडली, पण बाईंच्या खांद्यावर घालताना त्याचे हात अडखळले. बाईंनी स्वतःच मान पुढे केली. टाळ्या थांबेचनात.

अंजनी बोलायला उभी राहिली. आधी प्रिन्सिपॉलांसाठी इंग्रजीत बोलली, कुठेही न अडखळता. मग गावकऱ्यांकडे वळली.

"मी नापास झाले तेव्हा सगळे म्हणाले, पोरीचं चुकलं. एकट्या बाई म्हणाल्या, आमचं चुकलं. आणि तेवढं बोलून थांबल्या नाहीत. म्हणून मी आज इथं उभी आहे."

विभागप्रमुख उठले. "प्रधानबाई," ते म्हणाले, "पुढल्या वर्षीपासून मीही मराठीत एक तास घेणार आहे. माझं मराठी जरा तपासून द्या."

हशा उसळला, आणि सगळ्यांत मोठ्यानं माई हसल्या. बाई उत्तरादाखल बोलायला उठल्या. तेवढ्यात सिंधी शरबताचे पेले फिरू लागले आणि माणसांनी त्यांना गराडा घातला. एक ठाकरीण आपल्या लेकीला पुढे ढकलत म्हणाली, "बाय, हिला पण घ्या." तिच्यामागे आणखी एक आई, तिच्यामागे आणखी. गळ्यात हार, खांद्यावरून घसरणारी शाल, हातात पेला. तशाच बाई त्या मुलीसमोर वाकल्या आणि म्हणाल्या, "नाव काय गं तुझं?"