मधे उभी राहिले ती दुपार
वाळक्या गवताचा वास आला की वेल्ह्याजवळच्या वाडीतली एक दुपार आठवते. पुण्याच्या इंग्रजी शाळेला सुट्टी लागली म्हणून मी बैलगाडीने मामांकडे आले होते. शेजारच्या विधवा बाईंचं छप्पर पावसाआधी शाकारायचं होतं. रिवाजाप्रमाणे घरटी एक माणूस गवताचा भारा घेऊन आला. मजुरी नाही, फक्त जेवण. बांधाच्या भांडणापासून बाईंशी न बोलणारा धाकटा दीरही आला, कारण अशा कामाला कुणी नाही म्हणत नसे. काम संपताच तो निघाला. न जेवता गेला असता, तर दोन्ही घरं कायमची तुटली असती. बाईंनी मलाच मधे घातलं. "ताई, त्यास्नी म्हणावं, पान वाढलंय." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "भूक न्हाई म्हणावं." "गवात भुकंबिगर चढवलं व्हय? बसा म्हणावं!" माणसं हसली. तो बसला, एक घास खाल्ला आणि मान वर न करता म्हणाला, "वैनी, कालवण लई अळणी झालंय." बाईंनी घाईने मीठ आणून वाढलं. तोंडातून एक शब्दही न काढता मी कुणाच्या इतक्या उपयोगी त्यानंतर कधी पडले नाही.