वंदूच्या नावाच्या पुड्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आणि देवाजवळ तर नाहीच — त्याला काय सांगायचं, तो बघतच होता. तुम्हाला लिहून सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मधे बोलणार नाही. मला मधे बोललेलं खपत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

मशीनपासून सुरुवात करते. म्हणजे पळवाट काढते आहे, कळतंय मला, पण काढू द्या थोडी.

परळला आमच्या चाळीचा टॉवर झाला, चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि महिन्याभरात मी फ्रीझ ड्रायर घेतला. अन्न आधी दगडासारखं गोठवायचं, मग पंप लावून आतली हवा ओढून घ्यायची. बर्फाचं पाणी होतच नाही, सरळ वाफ होऊन निघून जाते. उरतं ते पापडासारखं हलकं. चंदेरी पुडीत बंद करून ठेवा, खायच्या वेळी गरम पाणी घाला — पुन्हा जसंच्या तसं! परदेशी शिकायला जाणाऱ्या पोरांना करून द्यायचं, असं माझ्या डोक्यात होतं. पंप असा घरघरायचा की खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर येऊन गेल्या. हे म्हणाले, चाळीच्या गच्चीवर हेच फुकटात वाळायचं. पहिल्याच खेपेला मी घाई करून दार उघडलं, तर आंब्याच्या फोडी कडेने कुरकुरीत आणि मधे गारढोण. हात लावून मधला भाग गार लागला तर आत बर्फ आहे, दार लावा आणि गप बसा — हे मी तेव्हा शिकले. हसू नका. शिकायला दोन डझन हापूस गेले.

आता आई.

आई खानावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत गिरणीतल्या वीस माणसांचं जेवण, दोन पाळ्यांत. डबे पोचवायला मी आणि माझी धाकटी बहीण वंदू. वंदू अर्ध्या वाटेत दमायची, मग तिचे डबे पण माझ्याच हातात. रविवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं असायचं. खोबरं भाजल्याचा वास गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, आणि परळात त्या दिवशी जेवायला उशिरा आलेला माणूस उपाशीच राहायचा. सगळ्यांना वाढून झालं की आई आम्हा दोघींना पातेलं पुसायला द्यायची, भाताचा गोळा घालून. तसं मी कुठल्याच पंगतीत पुन्हा खाल्लं नाही. काय दिवस होते हो! दमायचो, भांडायचो, आणि पोटभर जेवायचो.

गिरण्या गेल्या, खानावळ गेली. वंदू लग्न करून आयर्लंडला गेली. आई माझ्याकडे राहिली — एकोणीस वर्षं. तिची औषधं, तिचे गुडघे, तिचा संताप, सगळं माझ्याकडे. तक्रार नाही माझी. खरं सांगू? होती. कधी बोलले नाही एवढंच.

मशीन आल्यावर आईच म्हणाली, वंदूसाठी सांबारं करते. ब्याऐंशी वर्षांची बाई, हात थरथरणारे, ओट्याशी स्टुलावर बसून चार तास! मी सांगितलं, आई, खोबरं बेताचं घाल, तेलकट पदार्थ या मशीनला मानवत नाही, पुढे खवट होतो. तर म्हणते कशी, "खोबऱ्याशिवाय सांबारा? मशीनक सांग, जमत नाय तर गप रव!" आणि घातलंच तिने, हाताला आलं तेवढं.

अकरा पुड्या झाल्या. आईने वहीचा कागद फाडून अकरा चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर आपल्या हाताने वाकडंतिकडं लिहिलं — "वंदूस". मी चिकटवल्या. आणि अगदी सहज, हसत विचारलं, मला एखादी?

"तुका कित्याक गो? तू हंयच आसस. तुका मी कधीय रांधून घालीन."

बाराव्या दिवशी आई गेली. झोपेतच.

तुम्ही म्हणाल, बोलली त्यात काय एवढं? बरोबरच होतं तिचं. लांबच्या लेकीला पाठवायचं, जवळची आहेच जवळ. पण ते "कधीय" माझ्या वाट्याला आलंच नाही ना! मी तिच्या उशाशी बसून रडले ती आई गेली म्हणून रडले, असंच सगळ्यांना वाटलं. निम्मं रडणं त्या पुड्यांचं होतं. लाज वाटते लिहिताना.

वंदू तिसऱ्या दिवशी आली, तेरावं करून निघाली. सामान भरताना तिने विचारलं, "ताई, आईने सांबारं केलं होतं ना माझ्यासाठी? फोनवर सांगत होती." पुड्या तिच्यापासून चार हातांवर होत्या, तांदळाच्या डब्यात, मीच लपवलेल्या. आणि मी म्हणाले, मशीनमध्ये आहे अगं, अजून गार लागतंय, सुकलं की कुरिअर करते. मशीन बंद होतं. तिला काय कळणार? तिने मानेनेच बरं म्हटलं आणि मला मिठी मारली.

ती गेली त्या रविवारी हे कॅरम खेळायला मंडळात गेले, आणि मी पहिली पुडी फोडली. गरम पाणी घातलं, झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी झाकण काढलं आणि आमची जुनी खोली स्वयंपाकघरात उभी राहिली. तो वास, ती गॅलरी, भाताचा गोळा घातलेलं पातेलं — सगळं. ओट्याशी उभ्यानेच खाल्लं, चमचासुद्धा न घेता. मला वाटलं होतं एकीवर थांबेन. नाही थांबले.

दुसऱ्या रविवारी मी स्वतः सांबारं करायला घेतलं. शेजारी आईची पुडी भिजवून ठेवलेली. बोट तिच्यात, मग माझ्या पातेल्यात, पुन्हा तिच्यात. तीनदा फेकून दिलं. चौथ्यांदा जुळलं, तेही खोबरं बेताचं ठेवून. मशीनमध्ये घातलं, अकरा पुड्या भरल्या. मग — हे लिहायचं टाळत होते — आईच्या पुड्यांवरच्या चिठ्ठ्या वाफेवर धरून सोडवल्या, फोडून झालेल्यांवरच्यासुद्धा, आणि माझ्या पुड्यांवर चिकटवल्या. एकही फाटू दिली नाही. इतकं जपून मी आईचे गुडघेसुद्धा चोळले नसतील.

दुसऱ्या दिवशी कुरिअर केल्या. वंदूने त्या वर्षानुवर्षं पुरवल्या. आईच्या तिथीला एक, दिवाळीला एक. फोडताना मला व्हिडिओ कॉल लावायची. रडायची, खायची, आणि दर वेळी म्हणायची, "ताई, राग मानू नकोस, पण तुझ्या हाताला ही चव कधी आली नाही गं." मी हसायचे. राग यायचा, आणि ऊर भरूनही यायचा. माझंच होतं ते, मेले! पण सांगणार कुणाला?

गेल्या महिन्यात तिच्या सईला, माझ्या भाचीला, दिवस गेलेत असं कळलं. पोरीला डोहाळे लागले ते आजीच्या सांबाऱ्याचे. शेवटची पुडी तिच्यासाठी फोडली. सईने वाटी पुसून खाल्ली. वंदूने मोकळी पुडी कॅमेऱ्यासमोर धरली. म्हणाली, चिठ्ठी काढून देवात ठेवते. आणि मग विचारलं, ताई, चुकूनमाकून एखादी राहिली असेल का गं तुझ्याकडे? सईला पुन्हा हवंय.

मी म्हणाले, नाही गं. संपल्या.

आईच्या अकरांतल्या मी दहा खाल्ल्या. अकरावी तांदळाच्या डब्याच्या तळाशी आहे. ती ना मी खाल्ली, ना पाठवली. आईने हट्टाने घातलेलं खोबरं एवढ्या वर्षांत नक्की खवट झालं असेल. काल तांदूळ काढताना हाताला लागली. वर काही लिहिलेलं नाही. "वंदूस" तिकडे आयर्लंडला, देवात आहे.

मी पुडीवर तांदूळ सारखे केले आणि डबा लावला.