बुसान स्टेशनपर्यंत एकटाच

मंडळी, आज लेकीच्या घरून बुसान स्टेशनपर्यंत रमतगमत चालत आलो. बंदरावरच्या क्रेन पाहिल्या, मासळीबाजार पाहिला. घाई कुणाला होती?

निघताना लेक लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, इथे कुणी कुणाला सोडायला जात नसतं. सरळ चालत राहा, स्टेशन येईल."

ती कोरियाला निघाली तेव्हा जळगाव स्टेशनवर आम्ही चौदा जण होतो. गाडी तीन तास लेट होती, तरी एकही माणूस घरी परतला नाही.

आता प्लॅटफॉर्मवर बसलो, तर जामनेरहून बायकोचा फोन. "पोर उनी शे ना सोडाले?"

"हाओ, आठेच उभी शे," इथेच उभी आहे म्हणून मी ठोकून दिलं.

"मंग तिले द्या फोन."

मी फोन कट केला. परत वाजतोय. काय सांगू तिला?