कोणाकडे आलात?

माणिकरावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वाटेच्या बरोबर मधोमध लाल प्लॅस्टिकची खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. डावीकडे दुमजली घराएवढा धोंडा, उजवीकडे त्याचा भाऊ, आणि दोघांच्या मधून जाणारी चिंचोळी पायवाट. आम्ही सायकलवाले एकामागे एक थांबलो. पुढच्यानं घंटी वाजवली. माणिकरावांनी पान उलटलं. पुन्हा घंटी वाजली. मग त्यांनी पेपरची घडी केली, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं, आणि दारात आलेल्या माणसाला विचारावं तशा अगत्यानं विचारलं, "कोणाकडे आलात?"

हैदराबादबाहेरच्या त्या रानात आमचं मराठी त्यांनी लांबूनच ऐकलं असावं. आमचा पुढारी निनाद म्हणाला, "कोणाकडे नाही अंकल. आम्ही फक्त इथून पास होतोय."

"हौ का. म्हणजे पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. घरच्या माणसाशी काही काम नाही."

"पण इथं घर कुठंय?"

"घर नाही, रान आहे. पण मालक आहे नं. हा काय, तुमच्यासमोर बसलाय. चोरसुद्धा मालक झोपला का ते बघून घेतो. तुम्ही तेवढीही तकलीफ घेत नाही."

शेवटी सगळ्यांना सायकलवरून उतरावं लागलं. एकेकानं खुर्चीसमोर येऊन "जाऊ का?" असं विचारायचं. ते म्हणायचे, "जा नं. फुरसतीनं जा." मग सायकल हातात धरून तुरीचं शेत संपेपर्यंत चालत जायचं. पलीकडे तळं होतं, आणि तळ्याकाठच्या उतारासाठीच आम्ही भल्या पहाटे उठून तिथवर यायचो. खुर्चीच्या पायाशी एक थर्मास असे. थंडीच्या दिवसांत त्यातून वाफ निघताना दिसायची. कुणीतरी एकदा त्याच्याकडे आशेनं पाहिलं, तर म्हणाले, "हा चहा येणाऱ्यांचा आहे. तुम्ही जाणारे."

आमच्या ग्रुपचं निसर्गावर फार प्रेम होतं. इतकं, की तो कुणाच्या मालकीचा आहे हे विचारायला आम्हाला सवड मिळत नसे. निनाद कंपनीत माझा वरिष्ठ. पुण्याचा, मनानं दिलदार. त्याची सायकल माझ्या वडिलांच्या वर्षभराच्या हमालीपेक्षा महाग होती, पण जुनी सायकल त्यानं मला फुकट दिली, हे विसरलो तर मी कृतघ्न ठरेन. मी उदगीरच्या बाजार समितीत पोती उचलणाऱ्या माणसाचा मुलगा, घराण्यातला पहिला पदवीधर. हैदराबादनं मला नोकरी दिली, हिमायतनगरात खोली दिली, आणि रविवारी सकाळी घट्ट चड्डी घालून घाम गाळायची संधी दिली. वडिलांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आधी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पगार देतात का त्याचा?"

सायकलवाल्यांच्या एका ॲपवर निनादनं त्या पायवाटेची निळी रेघ ओढली होती आणि तिला एक झणझणीत इंग्रजी नाव दिलं होतं, ज्यात सैतान होता. माणिकरावांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "माझे आजोबा याला खालचा तुकडा म्हणायचे. तुम्ही बारसं केलं ते ठीक, पेढे तरी पाठवायचे."

मी उदगीरचा आहे हे समजल्यावर त्यांनी माझं नावच उदगीर करून टाकलं. त्यांचं घराणं जुन्या हैदराबाद संस्थानातलं, शेती करणारं. ते स्वतः सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले, राहायला चिक्कडपल्लीत. शनिवारी संध्याकाळी स्कूटरवर मागे काकूंना बसवून रिंगरोडच्या पलीकडच्या या रानात यायचे. इथल्या एका खोलीत रात्र काढायची, आणि रविवारी उजाडताच खुर्ची वाटेत टाकायची. काकूंचं म्हणणं असं, की नोकरीत असताना लोकांना ताटकळत ठेवायची जी सवय लागली ती सुटत नाही, म्हणून ही सोय.

चिक्कडपल्लीच्या घरी त्यांनी मला जेवायला बोलावलं. तिथं मी त्यांची दुसरी बाजू पाहिली, म्हणजे तीच बाजू उलटून. त्यांच्या घरातून दुधाच्या दुकानाला जायची जवळची वाट शेजारच्या पद्माम्मांच्या अंगणातून होती. माणिकराव रोज सकाळी फाटकाशी थांबून विचारायचे, "पद्माम्मा, जाऊ का?" आणि पद्माम्मा रांगोळीवरून मान वर न करता तेलुगूत म्हणायच्या, "पोंडी, पोंडी." जा म्हणजे जा, एकदाचे. लग्न होऊन त्या या घरात आल्यापासून हे चाललं होतं. त्यांनी माझ्याजवळ मोडक्या हिंदीत तक्रार केली, "इतने साल हो गए, मैं कभी ना बोली क्या? फिर भी रोज पूछते. सर में दर्द."

मी काकांना म्हटलं, "एकदा हो म्हणाल्यात ना त्या? मग रोज कशाला?"

"त्या एकदा हो म्हणाल्या, उदगीर. उद्या नाही म्हणावंसं वाटलं तर त्यांना जागा नको का ठेवायला?"

आमच्या ग्रुपला या माणसाची गंमत वाटली नसती तरच नवल. एका रविवारी निनादनं मोबाइल धोंड्यावर टेकवून सगळा कार्यक्रम चित्रित केला. खुर्ची, पेपर, "कोणाकडे आलात?" आणि मग निनाद स्वतः, हात जोडून, "जाऊ का अंकल?" पहिल्यांदा त्याला हसू फुटलं. माणिकराव म्हणाले, "हसून विचारायचं नसतं. मागं जा, परत या." तो परत आला. पुन्हा हसला. तिसऱ्यांदा जमलं. तो व्हिडिओ हैदराबादेत इतका फिरला, की आमच्या ऑफिसात जेवणाच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्याला लोक "कोणाकडे आलात?" म्हणू लागले. ज्यांना मराठीचा गंध नाही तेही. माणिकरावांना मी घाबरत घाबरतच तो दाखवला. त्यांनी नीट पाहिला आणि म्हणाले, "खुर्ची छान आलीय."

मग पावसाळ्यानंतर एका रविवारी त्यांना पुतणीच्या लग्नाला जावं लागलं. खुर्ची रिकामी म्हटल्यावर ॲपवरची निळी रेघ पाहून आलेले निसर्गप्रेमी मोकाट सुटले. आमच्यासारखेच सायकलवाले होते, काही मोटारसायकलवालेही होते. वाट चिंचोळी पडली म्हणून त्यांनी ती तुरीतून रुंद करून घेतली. तळ्याकडचं फाटक उघडं टाकलं. त्यातून गुरं आली आणि उरलेलं त्यांनी उरकलं. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर दोन धोंड्यांच्या मध्ये बाभळीच्या काट्यांची भिंत उभी होती आणि तिच्यावर पाटी होती: "वाट बंद. मालक घरी आहे."

ग्रुपमध्ये हाहाकार माजला. निसर्ग कुणाच्या बापाचा नाही, असं ज्याच्या बापाचे कोथरुडात तीन फ्लॅट होते त्यानं लिहिलं. एकानं सही मोहीम काढली. सात पिढ्यांची जमीन एका माणसाच्या ताब्यात असणं हा तरुणाईवर अन्याय आहे, असा सूर होता. शेवटी मराठवाड्याचा म्हणून मला वकील नेमलं आणि मिठाईचा डबा देऊन पाठवलं.

माणिकराव काट्यांच्या आतल्या बाजूला खुर्चीवर होते. डबा त्यांनी काट्यांवरून घेतला, उघडला, एक तुकडा खाल्ला. "बोल. कुणाच्या वतीनं आलास?"

"काका, ज्यांनी नुकसान केलं ते आम्ही नव्हतो."

"माहीत आहे नं. तुम्ही विचारून जाता."

"मग आम्हाला तरी जाऊ द्या."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग नेहमीचा खवचटपणा बाजूला ठेवून बोलले. तळ्यापलीकडची सगळी जमीन एका बिल्डरनं घेतली होती. तिथं बंगल्यांचे प्लॉट पाडायचे होते. अडचण एकच, आत यायला रस्ता नव्हता. रस्ता निघाला तर माणिकरावांच्या रानातूनच, धोंडे फोडून, तुरीच्या आणि सीताफळांच्या मधून. ते विकत नव्हते. म्हणून बिल्डरनं तहसील कचेरीत अर्ज दिला होता, की ही जुनी सार्वजनिक वाट आहे, लोक वर्षानुवर्षं बेधडक ये-जा करतात. पुरावा म्हणून अर्जाला ॲपवरचा नकाशा जोडला होता. निळी रेघ, सैतानाच्या नावासकट.

"तुम्ही न विचारता गेलात तर तो रस्ता होतो, उदगीर," ते म्हणाले. "विचारून गेलात तर ते रान राहतं. मी काय हौसेनं पेपर वाचायला इथं येतो? चिक्कडपल्लीत पंखा आहे."

मी हे ग्रुपला सांगितलं. पण तोवर बिल्डरचा साइट मॅनेजर ग्रुपपर्यंत पोचला होता. फार सुसंस्कृत माणूस. त्यानं सगळ्यांना कंपनीचं चिन्ह असलेले टी-शर्ट दिले, इडली-वडा खाऊ घातला, आणि बंगले झाले की तळ्याभोवती सायकलसाठी खास डांबरी पट्टा करू असं सांगितलं. निसर्गाला डांबर लागणार म्हटल्यावर निसर्गप्रेमींचे डोळे पाणावले. त्या बदल्यात एवढंच करायचं, की अधिकारी पाहणीला येतील तेव्हा खरं ते सांगायचं. आम्ही इथून जातो. बस.

पाहणीच्या दिवशी आम्ही नव्या टी-शर्टांत रांगेनं उभे होतो. मीही होतो, जुन्या शर्टात, आणि निनाद माझ्या शर्टाकडे बघायचं टाळत होता. अधिकारी बाई जीपमधून उतरल्या, त्यांच्यामागे फाइल घेतलेला कारकून. काटे बाजूला केलेले होते. वाटेच्या मधोमध लाल खुर्ची, खुर्चीत माणिकराव, शेजारी पदर खोचून काकू. माणिकरावांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पेपर हातात होता, पण उलटा.

साइट मॅनेजरनं नकाशा पसरला. बाईंनी निनादला विचारलं, "आप लोग यहाँ से कितने दिन से जाते?"

"बहुत साल से, मॅडम."

"कोई रोका?"

निनादनं साइट मॅनेजरकडे पाहिलं. "रोका मतलब... नहीं. खुला है. सब जाते हैं."

माणिकरावांनी पेपर मांडीवर ठेवला. काकूंनी तो उचलून सुलटा केला आणि परत त्यांच्या हातात दिला. मी पुढे होणार, तेवढ्यात तो कारकून खुर्चीकडे वाकून बघत म्हणाला, "मॅडम, ये वोइच अंकल हैं ना? कुर्सीवाले?"

बाईंना कळेना. कारकुनानं फाइल काखेत मारली, मोबाइल काढला आणि दोन बोटांत तो व्हिडिओ शोधून त्यांच्यापुढे धरला. त्या रानात सगळ्यांना ऐकू जाईल इतका आवाज मोठा होता. "कोणाकडे आलात?" मग आमचं उतरणं. मग निनादचा आवाज, "जाऊ का अंकल?" आणि हसू. "मागं जा, परत या." पुन्हा, "जाऊ का अंकल?" पुन्हा, "जाऊ का अंकल?"

"मराठी में क्या बोल रहा ये?" बाईंनी विचारलं.

"परमिशन माँग रहा, मॅडम. तीन बार."

बाईंनी व्हिडिओ आणखी एकदा पाहिला. दुसऱ्यांदा त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. मग निनादकडे वळून म्हणाल्या, "ये आपइच हैं ना?"

निनादबद्दल मला पुढे काहीही वाटलं असो, एवढं मात्र सांगायला हवं. त्यानं मान खाली घातली, नव्या टी-शर्टची बाही ओढली, आणि म्हणाला, "जी. हर बार पूछना पड़ता था." साइट मॅनेजरनं नकाशाची घडी घातली. ती नीट बसेना.

अर्ज फेटाळला गेला. ज्या थट्टेसाठी आम्ही माणिकरावांना शहरभर फिरवलं, तीच त्यांच्या बांधावर राखणीला उभी राहिली. मी हे त्यांना जरा भारावूनच सांगितलं, तर ते म्हणाले, "मी म्हटलं होतं नं, खुर्ची छान आलीय."

पुढे काट्यांच्या जागी त्यांनी लहानसं लोखंडी फाटक बसवलं, एक माणूस आणि हातात धरलेली सायकल जाईल एवढं. आमचा ग्रुप तिकडे फिरकला नाही. त्यांना दुसरीकडे एक टेकडी सापडली, तिचा मालक अमेरिकेत असतो, त्यामुळे तिथला निसर्ग अगदी शुद्ध आहे असं ऐकतो. मी मात्र जात राहिलो. दर रविवारी उतरायचं, विचारायचं, "जा नं, फुरसतीनं जा" ऐकायचं. चिक्कडपल्लीत मला पोटभर जेवण मिळे, पण रानातल्या त्या थर्मासमधला चहा त्यांनी मला शेवटपर्यंत दिला नाही. मी एकदा हक्कानं मागितला, तर म्हणाले, "घरी ये की. इथं तू सायकलवाला."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दुधाची पिशवी घेऊन परत येताना पद्माम्मांच्या अंगणातच बसले, ते उठलेच नाहीत. भेटायला गेलो तेव्हा पद्माम्मा फाटक धरून उभ्या होत्या. "अब कोई नहीं पूछता," त्या म्हणाल्या. "दूधवाला छोकरा सीधा अंदर आता." मग तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या, ते मला समजलं नाही. समजायची गरजही नव्हती.

तेरावं झाल्यानंतरच्या रविवारी मी रानात गेलो. सवयीनं उजाडताच निघालो होतो. वाटेत मनाला समजावत होतो, की खुर्ची रिकामी असेल, ती बघायची तयारी ठेव. खुर्ची रिकामी नव्हती. वाटेच्या मधोमध काकू बसल्या होत्या, मांडीवर सूप, तुरीच्या शेंगा सोलत. पायाशी थर्मास. मी फाटकाशी उतरलो. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणाकडे आलात?"

"तुमच्याकडे, काकू."

शेंग सोलणारा हात थांबला. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, थर्मासचं झाकण फिरवलं आणि त्यातच चहा ओतून माझ्यापुढे धरला. "मग सायकल खोलीच्या भिंतीला लाव," त्या म्हणाल्या. "आणि पाय धुऊन ये."