आपांचं ‘बरं’

कंपनीची बस चाकणहून सुटली की रेहानाआपा पहिल्या बाकावरून मागे वळून सगळ्यांची तोंडं एकदा बघून घ्यायच्या. ज्याचा थांबा येई त्याला दारातच बजावायच्या, “पोचलं की कळव रे लेकरा.” घरी गेल्यावर प्रत्येकाने फोनवर ‘पोचलो’ एवढं लिहायचं आणि त्यावर त्यांचा एकच शब्द यायचा, ‘बरं’. मी कुरुळीला सगळ्यांच्या आधी उतरायचे. आमचं घर बसमधूनही दिसायचं, पण माझी त्यातून सुटका नव्हती. आई म्हणायची, “आगं, दारात तर हायस, कुनाला कळवतीस?”

आपा मूळच्या परभणीच्या. संत तुकाराम नगरात एकट्याच राहायच्या. घरात दुसरं कुणी का नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. डब्यात ज्वारीची भाकरी असायची. कँटीनमधली भाकरी बोटाने दाबून बघत म्हणायच्या, “हिला भाकर म्हणायलेत हे लोक.” आणि तरी खायच्या.

गाडीची टक्कर झाली तर तिचं काय होईल, हे आमचं ऑफिस संगणकावर आधीच बघून देतं. एका संगणकाला हे काम झेपत नाही. म्हणून दरवाजा एकाकडे, बंपर दुसऱ्याकडे असं वाटून द्यायचं, आणि मग ते संगणक एकमेकांना सतत आकडे पाठवत राहतात. पाठवणाऱ्याला प्रत्येक संदेशामागे एक टोकन मिळतं. आम्ही त्याला रिक्वेस्ट म्हणतो. संदेश मार्गी लागला का, हे त्या टोकनावर विचारता येतं. टोकनं साठली की मेमरी तुंबते, म्हणून ती सोडावी लागतात. कुठलं टोकन कधी सोडायचं, यात मात्र आपांचा हात कुणी धरू शकत नसे.

सचिन नवीन होता, हुशार आणि भलता उतावळा. त्याने संदेश पाठवल्या पाठवल्या टोकन सोडून दिलं आणि जुने आकडे ज्या जागेत होते तिथेच पुढचे लिहून टाकले. जुने अजून निघालेच नव्हते. पडद्यावर गाडी भिंतीला टेकायच्या आतच तिचा दरवाजा उडून टपावर जाऊन बसला. आम्ही पोट धरून हसलो आणि सचिनचा चेहरा पडला. आपा खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसल्या.

“मला वाटलं, टोकन सोडलं म्हणजे काम संपलं,” तो म्हणाला.

“टोकन सोडल्यानं संदेश थांबत नसतो, बाबा. तो आपल्या वाटेनं जायलाच. कुठवर गेला ते विचारायचा तुझा हक्क तेवढा गेला.” मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “सोडायचं तर सोड. पण समोरून उत्तर येईस्तोवर जागा पुसायची नाही.”

आम्हाला वाटायचं, बाई कामातसुद्धा फार जीव लावतात. त्यांच्या रिकाम्या घरात रोज संध्याकाळी आमची ‘पोचलो’ एकामागून एक येत असतील आणि त्या बसून वाट बघत असतील, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

एका सकाळी बस कुरुळीला आली तेव्हा पहिलं बाक रिकामं होतं. आपांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. दवाखान्यातून सुटल्यावर त्यांचे भाऊ त्यांना परभणीला न्यायला आले. गाडीच्या खिडकीशी वाकून मी म्हणाले, “पोचलात की कळवा, आपा.” त्यांचे ओठ हलले, पण शब्द काही फुटला नाही. भाऊ म्हणाले, “मी कळवतो, ताई.” त्यांनी कळवलंही. पण मला ते आपांकडून हवं होतं.

तेव्हापासून मी त्यांना माझ्या आवाजात निरोप पाठवते. कुरुळीच्या चौकातली कोंडी, सचिनला झालेली मुलगी, कँटीनची भाकरी, जे सुचेल ते बोलते. एकदा न राहवून भावांना फोन केला. “कानाशी लावतो मी,” ते म्हणाले. “डोळे मिटून ऐकायली. पण समजायलं का नाही, काय की.” फोन ठेवला आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. आपांशिवाय मला तिथे करमत नाही.

परवा माझा मोबाइल भरला. एकही निरोप रेकॉर्ड होईना. शेजारच्या टेबलावरून सचिन म्हणाला, “जुने निरोप पुसून टाक की. कधीच गेलेत ते.” मग त्याने माझ्या फोनकडे पाहिलं. खाली मान घालून म्हणाला, “नको. उत्तर यायचंय अजून. राहू दे.”

मी फोटो पुसले, गाणी पुसली. निरोप सगळे आहेत. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की अजूनही लिहिते, ‘पोचले, आपा’, आणि फोन हातात धरून थोडा वेळ तशीच बसते. आई ताट वाढून थांबते. कुणाला कळवतेस, असं ती आता विचारत नाही.