ओळीपलीकडचा समुद्र

देवगाव रंगारीच्या शाळेत नानासाहेब फळ्याकडं बघायचा तेव्हा अक्षरं त्याला वाहत्या पाण्यातल्या गोट्यांसारखी दिसायची. ‘ब’ कुठला आणि ‘व’ कुठला याचा मेळ लागायचा नाही. गुरुजी मठ्ठ म्हणायचे, आणि ऐकून ऐकून तोही स्वतःला मठ्ठच समजू लागला. पण कुणी गोष्ट सांगायला बसलं, की हा तिच्यात असा उतरायचा, की गोष्ट संपून माणसं उठून गेली तरी तो बराच वेळ तिथल्याच गावात हिंडत असे.

दहावी कशीबशी पार पडली. पुढं वाळूजच्या एका कारखान्यात तो रंगकामाला लागला, मनकर्णाबाईशी लग्न झालं, बजाजनगरात बिऱ्हाड थाटलं. अक्षरं आता ओळखू येत. पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत तिची सुरुवात विरून गेलेली असे. पेपर समोर धरून तो फोटो बघायचा आणि बातम्या लोकांच्या बोलण्यातून वेचायचा. सुपरवायझरची जागा देऊ केली तेव्हा त्यानं नको म्हटलं. लोकांना वाटलं, गरीब स्वभावाचा माणूस आहे.

चाळिशी उलटल्यावर एकदा कारखान्यात सुरक्षेचं प्रशिक्षण झालं. अंबिका नावाची बाई शिकवायला आली होती. तिनं प्रत्येकाला एकेक परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावला. नानासाहेबानं अडखळत का होईना, सगळा वाचला. मग तिनं विचारलं, की यात काय सांगितलंय? त्याला एक शब्दही आठवेना. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

जेवणाच्या सुट्टीत अंबिका त्याच्याजवळ येऊन बसली. तिच्या थोरल्या भावाचं, वैजनाथचं, अगदी असंच होत असे. याला डिस्लेक्सिया म्हणतात, तो आळसही नाही आणि मठ्ठपणाही नाही, असं तिनं सांगितलं. वैजनाथला ज्यांनी शिकवलं त्या यमुनाबाई शहरात क्रांती चौकामागच्या गल्लीत राहत होत्या. इतक्या वर्षांनी आपल्या दुखण्याला नाव मिळालं, याचंच नानासाहेबाला नवल वाटत राहिलं. त्या संध्याकाळी बस त्याच्या थांब्यावरून पुढं गेली तरी त्याला कळलं नाही.

पुढच्या रविवारी तो यमुनाबाईंकडं गेला. त्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या खोलीत दुपारचं पिवळं ऊन फरशीवर सावकाश सरकत असे. एका जुन्या लग्नपत्रिकेत त्यांनी फटीसारखी अरुंद खिडकी कापली आणि ती पानावर ठेवली. आता एकच ओळ दिसत होती, बाकीचं सगळं झाकलेलं. आधी त्या वाचायच्या, तो बोट ठेवून ऐकायचा; मग तोच मजकूर तो वाचायचा. पुस्तक एका दीपगृहाच्या रखवालदाराविषयी होतं. सुरुवातीला नानासाहेब घाईनं ओळ उरकायचा, तेव्हा बाईंनी पत्रिकेवर हात ठेवला.

“नानासाहेब, ओळ संपवायची नाही. ओळीत काय आहे ते बघायचं. डोळे मिटा आणि मला सांगा.”

काही आठवडे बरं चाललं. मग उन्हाळ्यात ओव्हरटाइम वाढला, थकवा आला, आणि एका रविवारी एकच परिच्छेद पुनःपुन्हा वाचूनही काहीच हाती लागेना. पुस्तक तिथंच ठेवून तो उठला आणि पुन्हा गेला नाही. मनकर्णाबाईनं वाद घातला नाही. एक दिवस ती एकटीच बसनं गेली, बाईंकडून पुस्तक आणि ती पत्रिका मागून आणली आणि गच्चीवर कुरडया राखत बसलेल्या नवऱ्यापुढं ठेवली.

“मला वाचता येतं,” ती म्हणाली, “पण तुमच्यावाणी बघता येत नाय. ह्यात काय दिसतं ते मला सांगा.”

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दोघं गच्चीवर बसू लागली. ती वाचायची, मग तो वाचायचा, मग दोघं थांबायची. अशाच एका दुपारी वाक्य आलं: सकाळी धुकं उतरलं, समुद्र दिसेनासा झाला आणि रखवालदारानं घंटा वाजवायला घेतली. नानासाहेबानं डोळे मिटले. त्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता. पण पांढरं धुकं पत्र्याच्या शेडांवरून उतरत आलं, रस्ते बुडाले, शेजारच्या गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या होड्यांसारख्या डुलू लागल्या, आणि कुठूनतरी घंटेचा आवाज आला. गार वारा तोंडाला लागला.

“दिवा हाय त्याच्यापाशी,” डोळे न उघडताच तो म्हणाला, “पण धुक्यात दिवा दिसंना. होडीवाल्याला निदान ऐकू तर येईल, म्हणून घंटा वाजवतोय त्यो.”

मनकर्णाबाईनं पान पाहिलं. “असं लिहिलंय व्हय ह्यात?”

“लिहिलं नाय. पण हाय त्यात.”

स्वतःच्याच बोलण्यानं त्याला आतून भरून आल्यासारखं झालं. कुरडया उन्हात कडक होत होत्या, आणि त्याच्या पायांशी अजून पाणी हलत होतं.

नंतर तो यमुनाबाईंकडं पुन्हा जाऊ लागला. वाचनाचा वेग फारसा वाढला नाही; थकलेल्या दिवशी अक्षरं अजूनही निसटतात. पण सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा त्यानं आपणहून साहेबांना गाठलं, आपल्याला वाचायला वेळ लागतो हे सरळ सांगितलं आणि सूचनांचे कागद आदल्या दिवशीच हातात मिळावेत असं मागितलं. साहेबांनी हो म्हटलं.

त्या दिवाळीत तो देवगावला गेला तेव्हा पुस्तक सोबत नेलं. शाळेत शेजारी बसणारा सांडू लिंबाखाली बसला होता. नानासाहेबानं पत्रिका पानावर ठेवली आणि एक पान त्याला वाचून दाखवलं, मधे थांबत, कधी मागं जात. सांडू शांतपणे ऐकत होता.

“त्या रखवालदाराला घरचं कुणी नव्हतं काय रं?” त्यानं विचारलं.

नानासाहेबाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. “थांब, बघू दे,” असं म्हणून त्यानं पान मागं उलटलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.